अंगावर न घेणारा मासा

रुखवतात काय मांडावं याचा कायदा नसला तरी अंदाज असतो. सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, चकल्यांचा मनोरा, साखरेचं तुळशीवृंदावन, आणि एका बाजूला कुकर, मिक्सर, डिनरसेट, म्हणजे मुलीची पुढं जन्मभर ज्यांच्याशी गाठ आहे त्या वस्तू. फलटणच्या शिवांजलीच्या रुखवतात या सगळ्याच्या मधोमध एक काचेची पेटी होती. पेटीत पाणी, तळाला वाळू, दोन-चार गोटे आणि एक फुटकं कौल. बाकी काही नाही.

सांगलीहून आलेल्या वऱ्हाडातल्या बायका पेटीभोवती जमल्या.

"मासं आणायचं इसरलं वाटतं."

"इसरलं कशाचं? ते आपून आणायचं असंल."

एका काकूंनी पेटीच्या झाकणावर हळदीकुंकू वाहिलं. कशाला, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण रुखवतात मांडलेल्या वस्तूला वाहायचं असतं. शिवांजली शालू सावरत स्टेजवरून उतरली, वाकली, आणि काचेवर बोट ठेवलं. बोटासमोर वाळूत दोन डोळे होते. नुसतेच डोळे.

"आगं बया! बेडूक हाय का काय?"

"मासाय, काकू. खरपा."

"मग पोहत का न्हाई?"

"त्याला वाटलं की पोहतो."

हे उत्तर पहिली पंगत उठायच्या आत सासऱ्यांच्या कानावर गेलं. मासा कुणाच्या लक्षात राहिला नाही. उत्तर मात्र राहिलं.

खरपा हा मासा दिसायला असा, की देखणा म्हणून त्याला कुणी विकत घेणार नाही. बोटाएवढी लांबी, चिखलाचा रंग, जाड ओठ, आणि डोळे जवळजवळ डोक्यावर. पोटाखाली परांची एक वाटी असते, तिनं तो दगडाला धरून बसतो. पाण्याला कितीही ओढ असली तरी बसलेलाच राहतो. दुकानात याच्या जातभाईंना गोबी म्हणतात. शिवांजलीला हा दुकानात मिळाला नव्हता. फलटणला पाटाचं पाणी बंद झालं की कालव्याच्या तळाला डबकी राहतात आणि डबक्यांत अडकलेले मासे उन्हानं मरतात. अशाच एका डबक्यात बाकीचे सगळे पालथे पडलेले असताना हा एकटा चिखलात डोळे वर काढून बसला होता. ती तेव्हा साताऱ्याला प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिनं तो जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला. डब्याबद्दल आई जे बोलली ते इथं देता येत नाही.

सासर माधवनगरचं. सासरे नाथाजी यांचं कुपवाडला वर्कशॉप, ट्रॉलीचे पार्ट करून द्यायचं. नवरा ऋषिराज तिथंच बसायचा. सासूबाई विजयमाला घरात. बसायच्या मात्र नाहीत.

या घराच्या हॉलमध्ये आधीपासून एक मोठा फिशटँक होता. बरीच वर्षं चालू असलेली एक ऑर्डर तुटली तेव्हा नाथाजींना कुणीतरी जयराजसरांकडं नेलं. सर पूर्वी मोबाइलची कव्हरं विकत. नंतर त्यांना दिशांचं ज्ञान झालं. त्यांनी सांगितलं, ईशान्येला टँक ठेवा, आठ सोनेरी मासे आणि एक काळा. घरावर येणारं संकट मासे आपल्या अंगावर घेतात आणि मरतात. मासा मेला की समजायचं, काहीतरी मोठं टळलं.

ही विद्या सांगली जिल्ह्यात नवीन नाही. पण नाथाजींनी ती ज्या शिस्तीनं पाळली तशी कुणी पाळली नसेल. अमावास्येला टँकचं पाणी पूर्ण उपसायचं, कारण शिळं पाणी म्हणजे शिळी ऊर्जा. नळाला पाइप लावून लगेच ताजं भरायचं. मग मुठीनं खाणं. दुसऱ्या दिवशी एखादा सोनेरी मासा आडवा तरंगायला लागला की नाथाजी स्वतः फोन लावायचे.

"सर, एक गेला!"

"अभिनंदन," पलीकडून सर म्हणायचे. "कुणाच्या नावाचं होतं, ते लवकरच कळेल."

आणि ते कळायचंही. आठवडाभरात कुठंतरी कुणाचातरी अपघात व्हायचा, आणि तो आपला नसायचा.

विजयमाला मेलेल्या माशाला कुंकवाचं बोट लावून कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायच्या. कढीपत्ता असा माजला होता की शेजारपाजारच्या सगळ्या फोडण्या त्यावर चालत. मग दुकानवाला अश्फाक पिशवीत नवे मासे घेऊन यायचा. त्याला पिशवी पुढं करताना चेहरा गंभीर ठेवायची सवय झाली होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच अमावास्येला शिवांजलीनं हे सगळं पाहिलं आणि अजून नवी असल्यामुळं खरं ते बोलली.

"मामा, नळाच्या पाण्यात औषध असतं. ते एक दिवस बादलीत ठेवून मग घालायचं. आणि सगळं पाणी एकदम नाही बदलायचं. मासे मरणार नाहीत."

नाथाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. सुनेच्या शिक्षणाचा त्यांना अभिमानच होता. लग्नपत्रिकेत तिच्या नावापुढं डिग्री त्यांनीच छापायला लावली होती.

"तुझं शास्त्र बरोबर हाय गं," ते म्हणाले. "पर मग मासं मरायचं कसं?"

दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या अश्फाकनं खोकल्यासारखं केलं. नंतर जिन्यात तो शिवांजलीला हळूच म्हणाला, "वहिनी, तुमचं खरंय. पण माझ्या पोटावर नका ना पाय देऊ."

शिवांजलीची पेटी स्वयंपाकघरालगतच्या बोळात, खिडकीखाली होती. खरपा कौलाखाली राहायचा. कोरडं खाणं त्याला चालायचं नाही. त्याला गांडूळ लागायचं, तेही हललं पाहिजे. कढीपत्त्याच्या कुंडीत गांडुळं भरपूर होती, त्याचं कारण वर आलंच आहे. म्हणजे हॉलमधले मासे मरून या माशाला पोसत होते. ही व्यवस्था फक्त शिवांजलीला आणि सासूबाईंना माहीत होती. दोघीही त्यावर काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा विजयमालांनी स्वतःच्या हातानं कुंडी उकरून एक गांडूळ पानावर ठेवून आणून दिलं आणि म्हणाल्या, "घे. लय वेळ झाला, बघायला लागलाय."

विजयमालांचं घरातलं काम स्वयंपाक नव्हे. स्वयंपाक त्या करायच्या, पण ते जोडकाम. त्यांचं मुख्य काम चुकणं. नाथाजींनी गाडीची किल्ली हरवली की त्या म्हणायच्या, "माझंच चुकलं, मी उचलून ठेवायला पायजे हुती." ऋषिराजचा शर्ट इस्त्रीवाल्यानं जाळला की, "माझंच चुकलं, मी त्याला बोलले न्हाई." नाथाजींच्या धक्क्यानं चहा सांडला तरी, "मीच कडंला ठेवला." घरातला प्रत्येक प्रश्न या एका वाक्यानं सुटायचा आणि माणसं आपापल्या कामाला लागायची. शिवाय उपवास. गुरुवार वर्कशॉपचा, संकष्टी ऋषिराजच्या मोटरसायकलची, सोमवार नाथाजींच्या गुडघ्याचा. गुडघा नाथाजींचा दुखायचा आणि भगर विजयमाला खायच्या.

शिवांजलीला हे काम जमेना. भाजी खारट झाली त्या दिवशी नाथाजींनी विचारलं, "मीठ कुणी घातलं?" विजयमालांनी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "पहिल्यांदा मी घातलं, नंतर न विचारता तुम्ही वरून घातलं, मामा." नाथाजींनी आयुष्यात पहिल्यांदा खारट भाजी मुकाट्यानं संपवली, आणि ते त्यांना बाधलं. पोटाला नाही, मनाला.

त्या पावसाळ्यात घरावर बरंच काही आलं. वर्कशॉपमधला मोठा लेथ बंद पडला. ऋषिराज विश्रामबागच्या चौकात मोटरसायकलवरून घसरून कोपर सोलून आला. मासे तर नेमानं मरत होते. मग हे कुठून येतंय? आणि एका गुरुवारी गॅसपाशी उभ्या उभ्या विजयमालांना भोवळ आली. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, रक्त कमी आहे, उपवास बंद. "एवढा गुरुवार हुं द्या की," विजयमाला तपासणीच्या टेबलावरून म्हणाल्या.

नाथाजींनी जयराजसरांना घरी बोलावलं. सर होकायंत्र घेऊन हॉलभर फिरले. हॉल निर्दोष निघाला. मग ते बोळात आले आणि पेटीपाशी थांबले.

"यात काय आहे?"

"सूनबाईचा मासा हाय," नाथाजी म्हणाले. "म्हायेरचा."

सर वाकले. वाळूतले दोन डोळे सरांकडं बघत होते. सर आधी सरळ झाले.

"किती दिवसांपासून आहे?"

"माझ्याकडं तीन वर्षं झाली," शिवांजली म्हणाली.

"आणि अजून एकदाही गेला नाही?"

"एक मासा एकदाच जातो, सर."

सरांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी नाथाजींकडं बघितलं, डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन रुग्णाऐवजी नातेवाइकांकडं बघतात तसं. "नाथाजीराव, दोष सापडला. हा मासा काहीच अंगावर घेत नाही. आल्यापासून घरातल्या ऊर्जेवर जगतोय आणि वाटा उचलत नाही. याच्या वाटचं मग दुसऱ्यावर जाणार. वहिनींवर गेलं."

"आत्यांवर गेलं ते उपवासानं गेलं," शिवांजली म्हणाली.

"बघा," सर नाथाजींना म्हणाले. माशाबद्दल म्हणाले की सुनेबद्दल, ते त्यांनी मोकळंच ठेवलं.

उपाय सोपा होता. येत्या अमावास्येला पाणी बदललं की खरप्याला हॉलच्या टँकमध्ये सोडायचं, इतर माशांबरोबर. त्याच्या वाटचं त्याला घेऊ द्यायचं. नाथाजींना हा न्याय अगदी पटला. ते कुणाचं वाईट चिंतणारे गृहस्थ नव्हते. वर्कशॉपमध्ये बसून पगार खाणारा माणूस त्यांना चालत नसे, तसाच बसून राहणारा मासाही चालत नव्हता, इतकंच.

"एकदा त्याला बी कामाला लावू," ते म्हणाले.

"नाही," शिवांजली म्हणाली.

या घरात आजवर "बघू", "विचारते", "तुमी म्हणाल तसं" हे शब्द झाले होते. नुसतं "नाही" हा शब्द नवीन होता. नाथाजी काही वेळ त्याचा उरलेला भाग येण्याची वाट बघत राहिले. आला नाही.

ऋषिराज रात्री समजूत घालायला बसला. मुलगा स्वभावानं चांगला. फक्त दोन्ही बाजूंनी बोलून झाल्यावर आपण कुठल्या बाजूनं बोललो हे त्याला आठवत नसे.

"अगं, एका माशासाठी कशाला? मी तुला दुसरा आणून देतो. पाहिजे तर दोन देतो."

"त्या पाण्यात तो मरेल, हे तुला माहिती आहे का नाही?"

"आहे की."

"मामांना माहिती आहे?"

"त्यांना तर पाहिजेच आहे…" ऋषिराज बोलता बोलता थांबला.

"हां. मरावा म्हणून सोडायचाय. उद्या माशानं नाही भागलं तर कोण?"

"काहीतरीच बोलतेस."

"काहीतरी नाही. सर वाकून पेटीत बघत होते आणि बोलत माझ्याविषयी होते. तू तिथंच उभा होतास, तुझ्या लक्षात नाही आलं. आत्यांना चक्कर आली, आता तुमच्या घरात सगळं अंगावर घेणाऱ्याची जागा रिकामी व्हायला लागली आहे. मी भरणार नाही. मासापण भरणार नाही."

ऋषिराज यावर "बघू" म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

अमावास्येला सकाळीच जयराजसर हजर झाले. अश्फाक पिशवी घेऊन आला. टँक उपसून झाला होता. जुने मासे एका टोपात गोळा करून ठेवले होते आणि एकमेकांना धडका देत होते. नाथाजी बनियनवर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पाइप धरून टँक भरत उभे होते. हॉलभर औषधाच्या पाण्याचा वास सुटला होता.

"आण गं त्याला," नाथाजींनी हाक मारली.

शिवांजली बोळातून आली. तिनं अख्खी पेटीच उचलून आणली होती, दोन्ही हातांनी पोटाशी धरून. पाणी हिंदकळून तिचा पदर भिजला होता. ती सोफ्यावर बसली आणि पेटी मांडीवर ठेवली.

"घाल की," नाथाजी म्हणाले.

"घालायला नाही आणला. तुमच्यासमोर बसायला आणलाय. बोळात ठेवला असता तर मी अंघोळीला गेल्यावर कुणीतरी उचलला असता."

ऋषिराजनं खिडकीबाहेर बघितलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे आदल्या दिवशी ठरलं होतं.

"ताई, हा हट्ट आहे," सर म्हणाले.

"आहे."

"घर म्हटलं की पोरी, परतेकानं थोडं थोडं अंगावर घ्यावंच लागतंय," नाथाजी समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्याबिगर चालतंय व्हय?"

"कुणी कुणी घेतलंय, सांगा की मामा."

"म्हंजे?"

"म्हणजे या घरात. तुम्ही काय घेतलंय? यांनी काय घेतलंय? सरांनी?" सरांचं नाव आल्यावर अश्फाकनं पिशवीतल्या माशांकडं बघायला सुरुवात केली. "नुसती नावं सांगा. एकाहून जास्त नाव निघालं तर मी माझ्या हातानं मासा सोडते."

नाथाजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर असतं तर त्यांनी दिलं असतं. ते अडणारे गृहस्थ नव्हते. ते हात हलवायला लागले, आणि ज्या हातानं पाइप धरला होता तोच हात त्यांनी हलवला. पाइप टँकमधून सुटला. सापासारखा फिरला. सरांची पँट, सोफा, टीव्हीखालचं कपाट, भिंतीवरचा नाथाजींचा सत्काराचा फोटो, सगळ्यावर पाणी गेलं. ऋषिराज धावत नळ बंद करायला गेला. तोवर हॉलच्या फरशीवर पाणीच पाणी झालं होतं.

नाथाजींनी रिकाम्या हाताकडं बघितलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं स्वयंपाकघराच्या दिशेला ओरडले.

"आगं, पाइप कुणी सोडला?"

विजयमाला दारात उभ्या होत्या. हाताला पीठ होतं. पुढचं वाक्य काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं, अश्फाकलासुद्धा. नळ मीच जोरात सोडला हुता, असं काहीतरी. ते आलं की पुसापुशी होणार, चहा होणार, आणि मासा टँकमध्ये जाणार.

विजयमालांनी पाण्याकडं बघितलं. मग सुनेच्या मांडीवरच्या पेटीकडं. इतक्या गोंधळातही खरपा वाळूवर पोटाची वाटी टेकून बसला होता, हललासुद्धा नव्हता.

"तुमी सोडला," विजयमाला म्हणाल्या.

नाथाजींना ऐकू आलं नाही असं नव्हे. "काय?"

"तुमी. तुमच्याच हातात हुता. आमी समद्यांनी बघितला." आणि मग, बहुधा हे एवढं सोपं आहे याचं त्यांनाच नवल वाटून, त्या पुढं म्हणाल्या, "गाडीची किल्ली बी तुमीच हरवली हुती. चहा बी तुमीच सांडला."

"कुठला चहा?"

"समदा."

जयराजसर पँट पिळत म्हणाले, "वहिनी, आज अमावास्या. असं बोलून घरावर—"

"यिऊ द्या घरावर," विजयमाला म्हणाल्या. "घर लय मोठं हाय. चौघंजण ऱ्हातोय आमी." त्या सोफ्याच्या कोरड्या कडेला, सुनेशेजारी बसल्या. या घरात त्या दिवसाउजेडी हॉलमध्ये बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला आणि पेटीच्या काचेला बोट लावलं. खरपा डोळे फिरवून बोटाकडं बघायला लागला. गांडूळ असेल असं त्याला वाटलं असावं.

"शिवांजली, आज माझा उपास न्हाई," त्या म्हणाल्या. "पोहे कर दोघींपुरतं. न्हाई, र्‍हाऊ दे. ऋष्या, तू कर."

"मी?" ऋषिराज म्हणाला.

"गॅस कुठं असतो एवढं म्हायती हाय न्हवं?"

अश्फाक पिशवी हातात धरून अजून दारातच होता. "वहिनी, मग हे मासे… परत नेऊ का?"

"नका नेऊ," शिवांजली म्हणाली. "पिशवीतच राहू द्या. बादल्या भरून ठेवते, उद्या त्या पाण्यात सोडू. टोपातलेही. आणि परत लवकर येऊ नका."

अश्फाकनं मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरंखुरं गांभीर्य आलं होतं. सर त्याच्याबरोबरच निघाले. जाताना त्यांनी ईशान्येकडं एकदा बघितलं, पण तिकडून काही सूचना आली नाही.

नाथाजी पाण्यात उभे होते. दुमडलेली पँट खाली सुटून भिजत चालली होती. त्यांनी बायकोकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, स्वयंपाकघरातून येणाऱ्या भांडी पडल्याच्या आवाजाकडं कान दिला. तो आवाज कुणी केला हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते हळूहळू, पाय घसरणार नाही अशा बेतानं, मोरीकडं गेले. तिथून परत आले. कपाट उघडलं, बंद केलं.

"आगं," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. आवाज बदलला होता. "फरशी पुसायचं फडकं कुठं असतंय?"

विजयमालांनी काचेवरचं बोट काढलं नाही.

"हुडका," त्या म्हणाल्या.